कॅन्टनचा ‘बी. व्हर्डॉट’ : मंदीतल्या एका नाताळाचं प्रकरण

18 डिसेंबर 1933. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं कॅन्टन हे एक लाखाच्या थोड्या वर वस्ती असलेलं कारखान्यांचं शहर. त्या दिवशी ‘रिपॉझिटरी’ या तिथल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर एक बातमी आली. मंदीचा चटका स्वतः सोसलेले एक गृहस्थ नाताळासाठी 75 अडलेल्या कुटुंबांना मदत करणार आहेत, त्यासाठी त्यांनी 750 डॉलर बाजूला काढले आहेत, असं त्यात म्हटलं होतं. घरटी दहा डॉलर. गृहस्थांचं नाव बी. व्हर्डॉट. ज्याला गरज असेल त्याने आपली परिस्थिती पत्रात लिहायची आणि ते पत्र या नावाने ‘जनरल डिलिव्हरी, कॅन्टन’ इथे टाकायचं. असं टपाल घरपोच जात नाही. ते पोस्टाच्या खिडकीवर पडून राहतं आणि ज्याचं असेल तो येऊन घेऊन जातो.

या नावाचा माणूस कॅन्टनमध्ये नव्हताच. तरीही शेकडो पत्रं आली. बरीचशी बातमी वाचली त्याच दिवशी लिहिलेली होती. मागणारे इतके निघाले की देणाऱ्याने हिशेब बदलला आणि 75 घरांना दहा देण्याऐवजी 150 घरांना पाच-पाच डॉलर द्यायचं ठरवलं. आठवडाभरात घरोघरी चेक पोचले. सही एकच : बी. व्हर्डॉट. हे गृहस्थ कोण, ते गावाला पुढची 75 वर्षं कळलं नाही.

हातात पैसा कमी असताना सणाला काय द्यावं, हा प्रश्न दर चार-पाच वर्षांनी आपल्यापुढेही येतो. कंपनीचा बोनस अडकतो, पाऊस दगा देतो, कुणाची नोकरी जाते. मग ‘यंदा साधीच करू दिवाळी’ असं घराघरातून म्हटलं जातं आणि विषय तिथेच संपतो. कॅन्टनचं प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण इथे दिलेली रक्कम अगदी लहान होती आणि तरी तिचा परिणाम घराघरात दोन-तीन पिढ्या टिकला. असं का झालं हे नीट पाहिलं, तर देण्यातली बरीच कलाकुसर उलगडते.

काळ थोडक्यात सांगतो. 1929 च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतरचं हे चौथं वर्ष. देशात काम करू शकणाऱ्या चारांपैकी एकाला काम नव्हतं. 1930 पासून हजारो बँका बुडाल्या होत्या. ठेवींचा सरकारी विमा सुरू झाला 1934 च्या जानेवारीत, म्हणजे तोवर ज्यांची बँक बुडाली त्यांची पुंजीही बुडाली. बेकारी भत्ता आणि म्हातारपणाची पेन्शन देणारा सामाजिक सुरक्षा कायदा यायला 1935 उजाडायचं होतं. मधल्या काळात मदत मिळायची ती धर्मादाय संस्थांकडून किंवा स्थानिक सरकारकडून, आणि तीही बहुधा रोख नाही, तर ठरावीक दुकानातून ठरावीक किराणा उचलण्याच्या चिठ्ठीच्या रूपात. आधी तपासनीस घरी येणार, फडताळं उघडून पाहणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार. काही राज्यांच्या घटनांमध्ये तर सरकारी मदतीवर जगणाऱ्याचा मताधिकार काढून घेण्याची तरतूदही होती. ज्याने कालपर्यंत स्वतःच्या कष्टावर घर चालवलं, त्याला त्या रांगेत उभं राहणं मरणाहून कठीण वाटायचं. बातमीतही हे स्पष्ट होतं : जे धर्मादायाच्या दारावर थाप मारायला कचरतात, त्यांच्यासाठी ही देणगी आहे.

देणारा कोण होता

2008 सालच्या उन्हाळ्यात टेड गप या पत्रकाराच्या हातात त्याच्या आईने एक जुनी सुटकेस ठेवली. आत पत्रांचा गठ्ठा होता, वटून परत आलेले 150 चेक होते आणि 760 डॉलर जमा दाखवणारं एक छोटं काळं बँकबुक होतं. बी. व्हर्डॉट म्हणजे त्याचे आजोबा, सॅम्युअल स्टोन. बार्बरा, व्हर्जिनिया आणि डोरोथी या आपल्या तीन मुलींच्या नावांची अक्षरं जुळवून त्यांनी ते नाव केलं होतं. व्हर्जिनिया म्हणजे टेडची आई. तिला ही गोष्ट माहीत होती, पण वडील 1981 मध्ये गेले त्यानंतरही तिने ती कुणापाशी उघड केली नव्हती.

स्टोन यांच्या कॅन्टनमध्ये कपड्यांच्या दुकानांची लहानशी साखळी होती. जन्म रुमानियातला, ज्यू घरातला. तिथल्या छळाला कंटाळून कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्गला आलं. पोरवयात सॅम आणि भावंडांना माळ्यावर बसून सिगार वळायचं काम होतं. मुलं पळून शाळेत जाऊ नयेत म्हणून बाप त्यांचे बूट लपवून ठेवायचा. पुढे सॅमने बार्जवर काम केलं, कोळशाच्या खाणीत केलं. सोड्याच्या बाटल्या धुता धुता ॲसिडने त्याची बोटं खाल्ली. एकदा तर त्याला फसवून संपफोड्या म्हणून नेलं आणि त्यात त्याने दंडुक्यांचा मार खाल्ला. मध्यमवयात दुकान आणि घर दोन्ही जाण्याची वेळ आली होती, त्यातून तो कसाबसा वर आला. म्हणजे ‘मंदीचा चटका सोसलेला’ हे शब्द छापण्यापुरते नव्हते.

एक गोष्ट इथे थांबून पाहण्यासारखी आहे. नाताळ हा स्टोन यांच्या धर्माचा सण नव्हे. गावाचा सण होता, गिऱ्हाइकांचा होता, शेजाऱ्यांचा होता. आपल्याकडे वाड्यात, चाळीत ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचं ताट या घरून त्या घरी जात आलं आहे, त्याच जातीची ही गोष्ट. दुसऱ्याच्या सणात त्याचं घर उजळावं असं वाटणं हे मला आपल्या सणाला आपल्यांना देण्यापेक्षा मोठं वाटतं.

मागणाऱ्यांची पत्रं

या प्रकरणाचा खरा ऐवज म्हणजे ती पत्रं. सुतार, रंगारी, गवंडी, विमा एजंट, शेतकऱ्याची बायको, शाळेतली मुलगी, एकेकाळचे मालक. सगळ्यांचा सूर जवळपास एकच आहे : आम्ही मागणाऱ्यांपैकी नव्हे, पण आता इलाज उरला नाही. काहींनी पैसे नकोत, काम असेल तर सांगा, असं लिहिलं. काहींनी स्वतःसाठी काहीच न मागता शेजारच्या घराची हकिकत कळवली.

एका शेतकरी बाईचं पत्र आहे. आपण गावाच्या हद्दीबाहेर राहतो, तेव्हा लिहावं की नाही, इथूनच तिची सुरुवात. चार वर्षांपूर्वी दुधाचे महिन्याला 135 डॉलर यायचे, परवा शनिवारी आले 12. त्यावर पाच माणसांनी महिना काढायचा. थोरला मुलगा सहा वर्षांचा, शाळेत जातो, बुटातून पायाची बोटं बाहेर आली आहेत. धाकटी मुलगी नाताळाच्या दोन दिवस आधी चार वर्षांची होणार. त्याखाली दीड वर्षाचा एक. पाच डॉलर मिळाले तर मी स्वर्गात असल्यासारखं वाटेल, असं ती लिहिते. हिला पाच डॉलर मिळाले. त्यातून धाकटीला चाकं लावलेला एक लाकडी घोडा आला. त्या घोड्यामुळे त्या मुलीला जन्माचा घोड्यांचा नाद लागला आणि पुढे तिने खरी तट्टं पाळली. आपला घोडा कुठल्या पैशांतून आला होता, हे तिला कळलं तेव्हा ती ऐंशीच्या घरात पोचली होती.

दुसरं पत्र चौदा वर्षांच्या मुलीचं. घरात वर्तमानपत्र घेण्याची ऐपत नव्हती, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या अंकात तिने बातमी वाचली. वडिलांना कुणापुढे हात पसरणं मान्य नाही, पण आम्हा भावंडांना नाताळाला अंगावर घालायला काहीतरी हवं आहे, कधीकधी घरातलं खाणंही संपतं, असं तिने लिहिलं. दहा डॉलर मिळाले तर कपडे घेईन, नाताळाचं जेवण करीन आणि गोळ्या आणीन. या मुलीच्या बुटांचे तळ झिजून भोकं पडली होती. त्यात ती न्याहारीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घालायची. पुठ्ठा पावसात किंवा बर्फात किती वेळ टिकत असेल याचा विचार केला की पाच डॉलरची किंमत कळते. तेव्हा पाव सात सेंटच्या आसपास होता. पाच डॉलरमध्ये सत्तरेक पाव आले असते, किंवा लहान मुलांच्या बुटांचे दोन जोड आणि वर थोडं काही.

दोन जोड हा अंदाज मी हवेतून काढलेला नाही. तिसरं पत्र एका गृहस्थांचं आहे, ज्यांनी 26 वर्षं मोटारींच्या धंद्यात काढली. फोर्ड गाड्यांची एजन्सी होती, गावात वजन होतं, नाताळाला इतरांना भरभरून दिलं होतं. मग धंदा गेला, बँक गेली, जमीनजुमला गेला, विम्याच्या पॉलिसी गेल्या. घरात सहा माणसं. यांचं पत्र वाचताना गळ्याशी येतं ते शेवटाला. घेण्यापेक्षा देण्यात खरा आनंद असतो, तेव्हा तुमचा नाताळ नक्कीच सुखाचा जाईल, असं ते अनोळखी देणाऱ्याला लिहितात. आयुष्यभर देणारा माणूस मागायला बसला, आणि मागतानाही त्याने समोरच्याला शुभेच्छा दिल्या. चेक पोचल्यावर त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं : मुलींसाठी बुटांचे दोन जोड आले आणि घरातल्या चार गरजेच्या वस्तू. अजून काम मिळालेलं नाही, हेही त्यातच कळवलं.

बूट, बूट आणि पुन्हा बूट. लहानपणी ज्याचे बूट बापाने लपवून ठेवले होते, त्याच्यापुढे ही पत्रं आली होती. स्टोन यांनी पत्रं वाचताना काय वाटलं ते कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि मी ते कल्पनेने भरणार नाही. ती पत्रं त्यांनी फेकली नाहीत, एवढं मात्र सुटकेस सांगते.

चेकच का

इथे प्रकरणाचा गाभा आहे असं मला वाटतं. स्टोन कपडे विकत होते. कोट, सदरे, स्वेटर त्यांच्या गोदामात होते आणि त्यांना ते घाऊक भावात पडत होते. 750 डॉलरच्या मालात त्यांनी कितीतरी जास्त घरं भागवली असती. शिवाय दुकानासमोर रांग लागली असती, वर्तमानपत्रात फोटो आला असता, धंद्याला हातभार लागला असता. चांगल्या मनाचा कुठलाही दुकानदार हेच करील आणि त्यात वाईट काही नाही.

त्यांनी मात्र चेक पाठवला. चेक म्हणजे निवड घेणाऱ्याच्या हातात. एका बाईने त्या पाच डॉलरमधून आठ वर्षांच्या मुलीसाठी चिनीमातीच्या चेहऱ्याची बाहुली घेतली. कुठल्याही मदत समितीपुढे हा खर्च टिकला नसता. घरात खायला नाही आणि बाहुली? तपासनिसाने नाक मुरडलं असतं. पण त्या आईला ठाऊक होतं की आपल्या लेकीला या नाताळाला काय हवं आहे. किराण्याची चिठ्ठी पोट भरते, बाहुली घ्यायची सोय तिच्यात नसते. आईबापाला सणाच्या दिवशी मुलाला स्वतःच्या हाताने काही देता आलं, ही त्या घरातली खरी देणगी होती. स्टोन यांनी 150 घरांना पैसे दिले, आणि त्यातून त्या 150 घरांतल्या मोठ्या माणसांना पुन्हा एकदा देणारे होता आलं. मंदीने त्यांच्याकडून नेमकं तेच काढून घेतलं होतं.

दुसरी बाब नाव लपवण्याची. गुप्तदानाचं पुण्य मोठं असं आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात, पण त्याचं कारण बहुतेकदा देणाऱ्याच्या बाजूने सांगतात : अहंकार नको, वाच्यता नको. कॅन्टनमध्ये त्याचा फायदा घेणाऱ्याच्या बाजूला झालेला दिसतो. गाव लहान. फोर्डवाले गृहस्थ आणि कपड्यांचे दुकानदार एकाच बाजारपेठेतले, बाजारात कधी ना कधी समोरासमोर येणारच. पाच डॉलर कुणी दिले ते कळलं असतं तर दर भेटीत नजर खाली गेली असती. नाव नसल्यामुळे कुणाचं मिंधं व्हावं लागलं नाही. उलट रस्त्यात भेटणारा कुणीही तो असू शकतो, या विचाराने गावातल्या सगळ्यांकडेच जरा ममतेने पाहिलं गेलं असेल, असं मला वाटतं.

अर्थात स्टोन यांना नाव लपवण्याची सवय आधीपासून होती, हेही लक्षात घेतलं पाहिजे. आडनाव त्यांनी बदललं होतं. जन्म रुमानियातला असूनही तो पिट्सबर्गचा असल्याचं ते कागदोपत्री सांगत. परक्या देशातून आलेला ज्यू म्हणून पुन्हा हाकललं जाण्याची भीती त्या पिढीच्या हाडात होती. तेव्हा बी. व्हर्डॉट या नावामागे नम्रता किती आणि सावधपणा किती, हे आज वेगळं काढता येणार नाही. मला ते वेगळं काढावंसंही वाटत नाही. ज्याने लपून राहण्याचं दुःख भोगलं, त्याला दुसऱ्याची अब्रू झाकणं अधिक चांगलं जमलं, इतकं पुरे आहे.

आणि तिसरी बाब, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. पत्र लिहायला लावणं. वरवर पाहता हा मागणाऱ्यावर अन्याय वाटेल, की बाबा, आपली लाज कागदावर मांड. पण पत्रं वाचली की वेगळं दिसतं. कित्येकांनी घरातही जे बोलून दाखवलं नव्हतं ते या कागदावर उतरवलं. बायकोला न सांगितलेली कर्जं, मुलांपासून लपवलेलं रडू. कुणीतरी एक माणूस हे वाचणार आहे, तो स्वतः यातून गेला आहे, तो आपल्याला ओळखत नाही आणि कुणाला सांगणार नाही, एवढ्या आधारावर माणसं मोकळी झाली. बहुतेकांना चेक मिळाला नाही, कारण पत्रं शेकडो आणि चेक 150. तरीसुद्धा आपलं कुणीतरी विचारलं, हा दिलासा त्या डिसेंबरात बिनपैशाचा वाटला गेला.

काय साधलं नाही

पाच डॉलरने कुणाची बेकारी संपली नाही. फोर्डवाल्या गृहस्थांना नाताळानंतरही काम नव्हतं. शेतकरी बाईच्या दुधाचा भाव वाढला नाही. मंदी अमेरिकेत पुढेही कित्येक वर्षं राहिली आणि तिच्यातून माणसं वर आली ती सरकारी कामांनी, कायद्यांनी आणि शेवटी युद्धाच्या कारखान्यांनी. खासगी दानाच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट झाकली जाते आणि ते मला पटत नाही. उपाशी मूल देणगीच्या भरवशावर राहू नये, ती व्यवस्थेची जबाबदारी आहे. सणाची भेट व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, पण व्यवस्था जे देऊ शकत नाही ते ती देऊ शकते.

शिवाय ज्याला लिहिता येत नव्हतं, ज्याच्यापर्यंत वर्तमानपत्र पोचलं नाही, जो परदेशातून नुकताच आला होता आणि इंग्रजी कच्चं होतं, तो या योजनेच्या बाहेर राहिला. ‘लायक’ कोण हे ठरवणारा एकच माणूस होता. बातमीचा रोख पूर्वी बरे दिवस पाहिलेल्यांकडे होता. जन्मापासून गरीब असलेल्याला वाईट दिवस म्हणजे नवी बातमी नसते, म्हणून त्याची गरज कमी ठरते का? स्टोन स्वतः त्या जन्मगरिबीतून आले होते, म्हणून हा प्रश्न त्यांना परका नसावा. तरी योजनेची ती मर्यादा होती आणि ती मांडली पाहिजे.

75 वर्षांनंतर

टेड गप यांनी 2008 च्या डिसेंबरात ही हकिकत वर्तमानपत्रातून लिहिली. तेव्हा अमेरिका पुन्हा आर्थिक संकटात सापडली होती. मग त्यांनी पत्रलेखकांचे वंशज शोधायला घेतले : जनगणनेच्या नोंदी, मृत्युनोंदी, स्मशानभूमीतली दफनं, जुने पत्ते. अनेक घरांत आपल्या बापाने किंवा आजीने असं पत्र लिहिलं होतं, याचा पत्ताच नव्हता. पत्राची प्रत हातात आल्यावर साठी-सत्तरीतली मुलं पहिल्यांदा बापाचं त्या वर्षीचं मन वाचत होती. तो इतका गप्प का असायचा, पै-पै का जपायचा, ताटात काही टाकलं की का चिडायचा, याची उत्तरं काहींना त्या एका कागदात मिळाली.

2010 च्या नोव्हेंबरात कॅन्टनच्या पॅलेस थिएटरात या कुटुंबांचा मेळावा भरला. पत्र लिहिणाऱ्यांपैकी हयात असलेली ती चौदा वर्षांची मुलगी तेव्हा नव्वदीला पोचली होती. तिने सगळ्यांसमोर आपलं जुनं पत्र वाचून दाखवलं.

स्टोन यांच्याबद्दल आणखी एक नोंद राहते. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याआधी त्यांनी ब्रिटिश सैनिकांसाठी लोकरीचे ओव्हरकोट पाठवले आणि खिशांत धीर देणाऱ्या चिठ्ठ्या घातल्या. चिठ्ठ्यांवर नाव नव्हतं. इथे मात्र त्यांनी कपडेच दिले, कारण खंदकातल्या सैनिकाला चेक काय कामाचा? म्हणजे रोख रक्कम हा त्यांचा नियम नव्हता. समोरच्याला काय उपयोगी पडेल हे आधी पाहायचं, ही त्यांची रीत होती.

आपल्याकडे

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि नोव्हेंबरात दिवाळी आली, तेव्हा कॅन्टनसारखीच माणसं आपल्या आजूबाजूला होती. रिक्षावाले, कॅटरिंगवाले, शिकवण्या घेणाऱ्या बाई, लग्नात सनई वाजवणारे, लहान छापखाना चालवणारे. रेशन किटच्या रांगेत ती दिसली नाहीत. आदल्या वर्षापर्यंत तीच गणपतीची वर्गणी देत होती, मग रांगेत कशी उभी राहणार? आणि रांगेत उभं राहिलं तर फोटो. पिशवीवर देणाऱ्याचं नाव, पिशवी धरलेले दोन हात, मागे बॅनर, आणि मग तो फोटो वस्तीतल्या प्रत्येक मोबाईलवर. ज्यांनी ते किट वाटले त्यांनी पुष्कळ घरं तगवली, याबद्दल मला मनापासून आदर आहे. फोटो मात्र काढायला नको होते. ज्या पोराने आपल्या बापाचा तो फोटो मित्राच्या मोबाईलवर पाहिला असेल, त्याला ती दिवाळी कशी आठवेल?

त्याच दिवाळीत आमच्या भागात एका निवृत्त शिक्षकांनी दुसरी वाट काढली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे ते गेले. उधारीच्या वहीत कुणाची खाती तुंबली आहेत हे त्या शेठजींना पाठ होतं. नावं विचारायची नाहीत असं शिक्षकांनी आधीच ठरवलं होतं. त्यांनी एक रक्कम दुकानात ठेवली आणि सांगितलं, जी घरं उधारी थकली म्हणून दुकानात यायची बंद झाली आहेत, त्यांची खाती यातून मिटवा आणि निरोप पाठवा. शेठजींनी गड्याकरवी निरोप धाडला : ‘तुमचं मागचं चुकतं झालंय, फराळाचं सामान घेऊन जा, नवीन पान उघडतो.’ कुणी चुकतं केलं, यावर उत्तर एकच : ‘एका गिऱ्हाइकाने केलं, नाव सांगायचं नाही म्हणाले.’ लोक आले. रवा, बेसन, पोहे, डालडा नेलं. एका घराने भाजणीच्या सामानासोबत लवंगी फटाक्यांची एक माळ आणि टिकल्यांच्या डब्या घेतल्या, हे शेठजींनीच नंतर कौतुकाने सांगितलं. शिक्षकांनी सॅम्युअल स्टोनचं नाव कधी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण रोख नाही तरी निवड घेणाऱ्याची, देणारा पडद्याआड, आणि मधला माणूस विश्वासाचा, ही तिन्ही अंगं त्यांनी बरोबर साधली होती.

कॅन्टनमधलं एक अंग मात्र यात राहून गेलं. विचारणं. उधारीची वही पैशाची अडचण सांगते, बाकीचं सांगत नाही. ज्या घरात कुणी गेलं आहे, जिथे मुलगा परगावी अडकला आहे, जिथे म्हातारी एकटी आहे, तिथे सामान भरून उपयोग नाही. तिथे लागतं ते येऊन बसणं, जुने दिवस काढणं, ओवाळायला कुणी नसेल तर पाट मांडून ओवाळणं. हे कळायला विचारावं लागतं, आणि विचारायला लाज न वाटेल अशी जागा लागते. सोसायटीच्या जिन्याखाली, वाचनालयात किंवा देवळाच्या ओसरीवर कुलूप असलेली एक पत्रपेटी चालेल. चिठ्ठी वाचणारा एकच असावा. तो पदाधिकारी नसला तर उत्तम, कारण ज्याला उद्या मत मागायचं आहे त्याच्याकडे कुणी मोकळं होत नाही.

हे करायचं असेल तर नवरात्रातच सुरुवात करावी. वसुबारसेला दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि शेठजींना वही उघडून बसायला फुरसत नसते. कोजागिरीपर्यंत रक्कम आणि निरोप पोचला तर घरातल्या बाईला भाजणी भाजायला, चकलीचा सोऱ्या शोधायला, मुलाच्या मापाचा सदरा बघायला हातात पंधरा दिवस राहतात.